कळकाच्या ओढ्यातली जीप

ऐका. आधी त्या मोबाईलच्या टॉर्ची बंद करा. भुताची गोष्ट सांग म्हणता आणि टॉर्च लावून बसता, लाज वाटत न्हाई? हां. शेकोटीचा उजेड बास हाय. ते लाकूड सारा जरा पुढं. आणि मधीच कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आत्ताच सांगून ठिवतो. लोक म्हणतात, भुताची गोष्ट सांगताना सांगणारा भ्यालेला पायजे. मी भीत न्हाई. मला राग येतो! ह्या गोष्टीपायी माझं डोकं आजबी तापतं. भुताचा राग नंतर, आधी आपल्याच गावाचा.

तर ऐका. दिवेलागण झाली व्हती. जनावरं गोठ्यात गेलेली, चुली पेटलेल्या. आणि मी जीप घिऊन निघालो. कुठल्या वाटेनं? कळकाच्या वाटेनं! अंधार पडल्यावर! एकटा! म्हंजे एकटा न्हाई, शेजारी गोदाक्का व्हती. पण तिचा जीव गळ्याशी आलेला. ती असून नसल्यासारखीच.

थांबा, गडबड करू नका. जीप कुठली, गोदाक्का कोण, सगळं सांगतो. तुमच्यातली निम्मी पोरं तवा पुण्या-मुंबईला शिकाय व्हती.

आपल्या वाडीला एस.टी. येत न्हाई. तवाबी येत नव्हती. म्हणून मुंबईला कामाला असलेल्या आपल्या मंडळींनी मिळून एक जुनी डिझेलची जीप गावाला दिली. दुखणाईत माणसाला खाली तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला. बाकी कशाला न्हाई. लग्नाला न्हाई, बाजाराला न्हाई. दुखणं आलं की जीप निघायची, न्हाई तर देवळापुढं उभी. आणि उभ्या गाडीचं कसं असतंय, तिची बॅटरी बसती. कुणी हात न लावता उतरत जाती, बुडाला बारीक भोक पडलेल्या घागरीवानी. 

आता दौलू. दौलू ऐकून म्हाईताय का? जत्रंत पालखीपुढं शिंग फुंकायचा तो. काय छाती व्हती! एकदा फुंकलं की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करायची. पण एकटा जीव. ना बायको, ना पोर, ना घर. देवळाच्या ओवरीत झोपायचा. एका पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. त्याला जीपमधी मागच्या शिटावर बसवला आणि कळकाच्या वाटेनं नेला. ड्रायव्हर तवा दुसरा व्हता, तो पुढं मुंबईला गेला. कळकाच्या, बांबूच्या बेटाखाली ओढा हाय ना? दोन्ही बाजूला चढ, मधी खोल. त्या खोलात पाण्यानं इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरनं चावी मारली. टक्! परत मारली. टक्! बॅटरी मेलेली. चढावर ढकलायला माणसं न्हाईत. ड्रायव्हर गावाकडं पळाला माणसं आणायला. माणसं आली तवर दौलू बसल्या जागी गेला. एकटाच. अंधारात. ओढ्याचं पाणी ऐकत.

मग गावाला जाग आली. आपल्याला माणूस मेल्याशिवाय जाग येत न्हाई! मुंबईच्या मंडळींनी सोलरची प्लेट पाठवली. एक फिटर आला, त्यानं ती जीपच्या टपावर बसवली, एक वायर खाली सोडली, मधी एक डबी लावली आणि तिथनं बॅटरीला जोडली. डबीवर बारका दिवा. ऊन पडून बॅटरी भरत असली की हिरवा, भरत नसली की तांबडा. त्यानं सगळ्या गावादेखत दोनच गोष्टी सांगितल्या. गाडी उन्हात उभी करा. आणि प्लेट ओल्या फडक्यानं पुसत जा. बास! ह्यात न समजण्यासारखं काय हाय? म्हशीला कळलं असतं.

आणि चाललं की! जीप किती का दिवस उभी असंना, चावी फिरवली की भुर्रर्र! ड्रायव्हरकी माझ्याकडं आलेली. मी म्हणलं, गेला बिचारा दौलू, पण मागच्यांची सोय करून गेला.

आणि मग आला दसरा.

आता तुम्हीच सांगा, खंडेनवमीला आपण काय करतो? नांगर पुजतो, कोयता पुजतो, शिवणाचं मशीन पुजतो. पुजावंच. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत, मी काय नास्तिक न्हाई. पण किती! प्लेटीवर तेलात कालवलेल्या शेंदराचा ह्यो एवढा स्वस्तिक काढला. वर हळद, वर कुंकू. वर झेंडूच्या माळा, ह्या मनगटाएवढ्या जाड. आणि त्याच्यावर देवीचा जुना शेला पांघरला आणि सुतळीनं बांधला. म्हणलं, आरं हे कशाला? तर म्हणतात, "नवी वस्तू हाय आबा, उन्हानं खराब हुईल!"

ऐकलंत का? उन्हानं खराब हुईल! सोलरची प्लेट! आरं, ऊन हेच तिचं खाणं! म्हशीला वैरण घालू नका, तिचं दात झिजतील, असं म्हणणाऱ्यातले तुम्ही! हसू नका म्हणलं ना? ह्यात तुमच्या बापांचाबी हात व्हता.

डबीवरचा दिवा तांबडा झाला. मी बोट दावलं, बघा, भरत न्हाई. तर आपला पुजारी म्हणतो कसा, "देवी प्रसन्न झाली, कुंकवाचा रंग आला." काय करावं, सांगा! कपाळ बडवून घ्यावं का त्याचं बडवावं?

मी दोनदा तो शेला सोडला. दोनदा परत बांधला. जीप गावाची, म्हणाले, तू चावीचा धनी, प्लेटीचा न्हाईस. मग पुढं झाली ती एकटी गोदाक्का. आमच्या भावकीतली, माझ्यापरास मोठी. नवरा लवकर गेलेला, पोरगा पुण्यात, दम्यानं हैराण. पण तोंड असं की सरपंच रस्ता बदलायचा. ती काठी टेकत देवळापुढं आली, शेल्याला हात घातला आणि सरळ वढला. म्हणली, "दौल्या मेला म्हणून ही प्लेट आली. आणि तुम्ही तिला मढ्यासारखी झाकता?"

तर बायकांनी काय करावं? देवाचं लेणं वढलं म्हणून न्हाई, विधवा बाईनं पुजलेल्या वस्तूला हात लावला म्हणून कालवा केला! गोमूत्र शिंपडलं! प्लेटीवर! आणि शेला परत घातला, आता दुहेरी गाठ मारून. आक्का घरी गेली. मला म्हणली, "जोत्या, ह्या गावाला देव कळला न्हाई आणि वीजबी कळली न्हाई." मी त्या दिवशी भांडलो, शिव्या दिल्या, माझ्या शिव्या तुम्हाला ठाऊक हाईत. पण झेंडूवर शिव्या चालत न्हाईत.

व्हायचं तेच झालं. पंधरवड्यानं बघतो तर सेल्फ रडाय लागलेला. घुं... घुं... आणि गाव काय म्हणतंय? "दौलूचं भूत बॅटरी पितंय." घ्या! मेल्यावर त्या बिचाऱ्याला दुसरा उद्योगच न्हाई! जिता असताना कुणी चहा पाजला न्हाई, आणि मेल्यावर तो बॅटरी पितोय!

तर आता या मूळ जागी. थंडी पडलेली. त्या सांजेला आक्काला दमा उसळला. छातीतनं शिट्टी वाजायची. बसता येईना, निजता येईना, दोन शब्दांवर तिसरा शब्द बोलता येईना. ओठ काळंनिळं पडलं. तिचा तोंडात मारायचा दम्याचा पंप संपलेला. मी तिला उचलून आणली, पुढच्या शिटावर ताठ बसवली. चावी मारली.

टक्!

तोच आवाज! वरचा शेला-बिला मी उपसून रस्त्यावर फेकला, पण सूर्य गेल्यावर प्लेट उघडून काय उपेग? ओरडलो. अर्धं गाव आलं. लावा धक्का! जीप उतारावर नेली, दुसरा गिअर, क्लच सोडला, धडधड करत इंजिन चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जसं काय ह्यांनीच इमान आभाळात उडवलं. मी म्हणलं, "चला, दोघं बसा मागं. वाटंत बंद पडली तर ढकलाय लागंल." 

एक म्हणला, म्हशीची धार काढायची हाय. एक म्हणला, आत्ता टॉर्च घिऊन येतो. तो अजून येतोय! पैलवान म्हणून मिरवणारा एक तर सरळ म्हणला, "आबा, कळकाच्या वळणावर दौलू हाय. मी न्हाई येत. पण इंजिन काय बी झालं तरी बंद करू नका." शहाणा! मला शिकवतोय!

लांबचा रस्ता हाय, पण तो दुप्पट. आक्काकडं तेवढा दम नव्हता. घेतली कळकाची वाट.

वरचा उतार बरा गेला. मी आक्काशी बोलत व्हतो, तिला जागं ठिवाय. ती मान हलवायची. आणि एका वळणावर, घोंगडं पांघरलेला एक माणूस. कडंला उभा. हात वर केला. "थांबव. इंजिन बंद कर. मला चढायचंय."

मी म्हणलं, दुखणाईत माणूस हाय, थांबता यायचं न्हाई. गेलो पुढं.

पुढलं वळण. तोच माणूस! तेच घोंगडं! तोच हात वर! "इंजिन बंद कर. मला चढायचंय."

आरं, मी गाडीत, हा पायी. आधी कसा आला? पण ऐका, खरं पुढं हाय. तिसऱ्या वळणाला तो रस्त्याच्या मधी उभा. हेडलाईट त्याच्यावर पडला. पडला कसला, त्याच्यातनं पलीकडं गेला! त्याच्या छातीतनं मला मागचा दगड दिसला, दगडावरचं शेवाळ दिसलं! पाय ब्रेकवर जात व्हता. आक्कानं माझा दंड धरला आणि म्हणली, "थांबू... नको." मी डोळं मिटलं आणि जीप तशीच घातली. धडक न्हाई, आवाज न्हाई. नुसता गारवा. एका काचेतनं आला, दुसऱ्या काचेतनं गेला.

तो गेला असं मला वाटलं. तो कशाला जातोय!

वायपर चालू झालं. कोरड्या काचेवर! करकर, करकर. मी बटन बघितलं, बटन बंद. वायपर चालू! मी हातानं धरायला बघितलं तर आणखी जोरात. मला भ्या वाटायच्या आधी राग आला. आरं मुडद्या, ह्याला बॅटरी लागती! आधीच तळाला गेलेली. एवढ्या वाटंत डायनामो भरणार तरी किती? मी ओरडलो, "बंद कर ते!"

बंद झालं. आणि आतला दिवा लागला. टपाखालचा, पिवळा. त्यात मला आक्काचा चेहरा दिसला, घामानं थबथबलेला. आणि आरशात दिसलं. मागच्या शिटावर घोंगडं. कोपऱ्यात. नुसतं घोंगडं, पण आत कुणीतरी बसल्यासारखं फुगलेलं.

आता कोण हसतंय? बोला की! आता का गप?

मग हॉर्न वाजाय लागला. आपोआप! तोबी कसा, लांबच्या लांब, जत्रंत शिंग फुंकावं तसा. फूंऽऽऽऽ! थांबंना. हेडलाईट पिवळं पडलं. मग तांबडं. हॉर्न बारीक बारीक व्हत गेला. मी नुसता शिव्या देतोय, "आरं बॅटरी! बॅटरी! आरं माणूस मरंल, थांबव!" तेवढ्यात कळकाचं बेट आलं. वारं न्हाई, आणि बांबू एकमेकावर घासतायत. कर्र, कर्र. उतार संपला. पुढची चाकं ओढ्यात गेली. आणि दिवं गेलं.

पण इंजिन चालू व्हतं! डिझेलच्या गाडीचं हेच चांगलं. एकदा चालू झाली की तिला बॅटरीची गरज न्हाई. ती जीप चावीनं बंदबी व्हायची न्हाई. स्टेअरिंगखाली एक गोळा व्हता, तो बाहेर वढला तरच इंजिन बंद. मी म्हणलं, दिवं गेलं तर जाऊ दे, चांदणं हाय. गोळ्याला कुणी हात लावला न्हाई म्हंजे झालं.

आणि मागनं एक हात आला.

आम्हा दोघांच्या मधनं. घोंगड्यातनं. थंडगार, ओला. माझ्या गुडघ्यावरनं गेला, गोळा धरला. आणि सावकाश, अगदी सावकाश, बाहेर वढला.

इंजिन बंद.

नुसतं पाणी वाजतंय आणि आक्काच्या छातीतली शिट्टी. मी चावी मारली. टक्. परत. टक्. 

मागनं आवाज आला. "किती उरलीय?"

"काय किती?"

"बॅटरी."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर पळाला असता. पैलवान तर हगला असता. मला काय झालं ठाऊक न्हाई, सगळी भीती जळून गेली आणि नुसता संताप उरला. मी मागं वळलो आणि बोललो. म्हणलं, "दौल्या, तू हाईस व्हय? लाज वाटती का? माझ्या शेजारी बाई मरतीय आणि तू वायपर चालवतोस? हॉर्न वाजवतोस? उरलीसुरली बॅटरी संपवून वर मलाच इचारतोस किती उरलीय? तू ह्याच ओढ्यात तडफडून मेलास, तरी तुला दुसऱ्याची दया न्हाई? गाव म्हणतंय तेच खरं म्हणायचं. तू बॅटरी पितोस!"

मग घोंगडं हललं. आणि दौलू असा चिडला, असा चिडला, की बांबू थरथरलं!

"मी पितो? मी? आरं, मी बघत व्हतो किती हाय! वायपर लावून बघितला, दिवा लावून बघितला, हॉर्न वाजवून बघितला. भरलेली असती तर चावीसरशी चालू झाली असती आणि मी तुला हात दावून वाट दिली असती. भरलेल्या गाडीला मी कधी आडवलंय? रिकामी गाडी घिऊन दुखणाईत माणसाला ह्या खोलात आणता, त्यांना आडवतो मी! मला आणलं तसंच!"

मी चावीवरचा हात काढला.

तो म्हणाला, "मी गेलो आणि प्लेट आली. मी हितनं रोज वर बघायचो. देवळापुढं ती चमकायची. ऊन पडलं की तिची तिरीप पार हितवर यायची, ह्या पाण्यावर पडायची. मला वाटायचं, जन्मात कुणी माझ्यासाठी काय केलं न्हाई, मेल्यावर तरी केलं. माझ्यानंतर कुणी 'टक्' ऐकत मरायचं न्हाई. आणि मग एक दिवस तिरीप आली न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. झाकली तुम्ही! माझ्या जिवावर आलेली वस्तू, आणि तुम्ही झाकली!"

त्याचं खरं व्हतं. भूत असलं म्हणून काय झालं, खरं ते खरं! मला रडू आलं, रागाचं. म्हणलं, "दौल्या, मी न्हाई रं झाकली."

"तुम्ही सगळं सारखंच," तो म्हणाला. "आता बसा हितंच. मी बसलोय तसं."

तवा माझ्या शेजारनं आवाज आला. बारीक. तुटका.

"दौल्या."

घोंगडं थांबलं. "कोण हाय ते पुढं?"

"मी... गोदा."

"आक्का?" त्याचा आवाजच बदलला. "आक्का, तू व्हय? मला वाटलं असंल कोण सरपंच-बिरपंच."

आक्का एकेक शब्द छातीतनं वढून काढत व्हती. "सणाला... तुला... भाकरी... कुणी घातली?"

घोंगड्याची मान खाली गेली.

"सांग... की."

"तू, आक्का."

"पुरणाची... पोळी... कुणी?"

"तूच. दुसऱ्या कुणी न्हाई. देवळात नैवेद्य यायचं, पण मला ताट तूच द्यायचीस."

मला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिनं कधी सांगितलं न्हाई, त्यानंबी न्हाई. मग मी म्हणलं, "आणि शेला ज्या बाईनं वढून काढला, जिच्यावर सगळा गाव तुटून पडला, ती कोण ठाऊक हाय का? हीच. तुझं नाव घिऊन भांडली. आता ठिव तिला हितं, तुझ्या सोबतीला!"

आक्काची शिट्टी थांबत थांबत वाजत व्हती. एक वाजली, आणि दुसरी वाजायला इतका येळ लागला, की मी तिच्या नाकापुढं हात धरला. 

मग तिनं डोळं उघडलं आणि एकच शब्द म्हणली. हुकूम केल्यासारखा. पोराला सांगावं तसा.

"ढकल."

मागचं शीट रिकामं झालं. मला न बघता कळलं, जीप जरा वर उठली. मी गोळा आत दाबला, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला. आणि ऐका, चढावर! ती लोखंडाची जीप, चढावर, आपोआप हलाय लागली! पाण्यातनं चाकं निघाली. दगडावरनं गडगडली. मागनं आवाज येतोय, श्वासाचा, शिंग फुंकायच्या आधी तो छाती भरून घ्यायचा तसा. फूंऽऽऽ आणि जीप एक वाव, चार हात पुढं. फूंऽऽऽ आणि आणखी एक वाव. माझ्या मानंवर गारवा येतोय. मी मागं बघितलं न्हाई. बघायचं न्हाई हे मला आईनं शिकवलेलं. निम्म्या चढावर वेग आला, मी क्लच सोडला. जीपनं झटका खाल्ला, एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि धड धड धड धड! लागली!

मी ओरडलो. आनंदानं ओरडलो. आणि तेवढ्यात कानाशी, इतक्या जवळ की कानाची पाळी गार पडली, दौलू बोलला.

"आक्का व्हती म्हणून ढकलली. पुढल्या खेपेला रिकामी गाडी आली तर ढकलणार न्हाई. मागं बसंन. आणि मी बसलो की गाडी पोचत न्हाई, जोत्या."

चांदण्यात, बिनदिव्याची, जीप दवाखान्यात नेली. नर्सबाईनं आक्काला आत घेतलं, नळी लावली, तोंडाला वाफंचा मुखवटा लावला. मी बाहेर. जीप आवारात चालूच ठिवली. वॉचमन आला, म्हणतो, इंजिन बंद करा, आवाज व्हतोय. म्हणलं, "तू ढकलणार हाईस का?" गेला गप. पहाटं पहाटं आक्काच्या ओठावर रंग आला. डोळं उघडून पहिलं काय बोलली असंल? "जोत्या, डिझेल जळतंय." 

गावात आलो. तर गाव काय करतंय? कळकाच्या वळणावर बोकड कापायची बैठक भरलेली! दौलूची शांत करायची! मी तसाच उभा राहिलो आणि म्हणलं, बोकड खायचा असंल तर सरळ खावा, दौलूचं नाव सांगू नका. त्याला बोकड नको. एक ओलं फडकं आणा! कुणी आणलं न्हाई. शेवटी धोतराचा सोगा भिजवून मीच चढलो टपावर आणि तो शेंदूर खरवडून काढला. पुजारी बघत व्हता. मी म्हणलं, एक शब्द काढ, तुला घिऊन जातो कळकाच्या वळणावर. न्हाई काढला.

आता तुम्ही म्हणाल, चला, सुटलं. काय सुटलं? शेला गेला, पण पुसतंय कोण? जमलं तवर मी पुसली. आता माझं गुडघं गेलं, मला टपावर चढता येत न्हाई. सकाळी जाऊन बघा, प्लेटीवर कबुतरांनी रांगोळी काढलीय आणि तुम्ही खाली उभं राहून फोटो काढता. 

म्हणून सांगतो, कळकाच्या वाटेनं जाऊ नका. अंधार पडल्यावर तर न्हाईच न्हाई. दुखणाईत माणूस असला तर लांबच्या रस्त्यानं जावा, दुप्पट येळ लागू दे. दौलू तिथंच हाय. तो भरलेल्या गाडीला वाट देतो, हे त्यानं स्वतः मला सांगितलंय. पण रिकामीला न्हाई देणार. त्याचा शब्द हाय, आणि जित्या माणसांपरास तो शब्दाचा पक्का हाय.

गोदाक्का व्हती म्हणून मी हितं बसून बोलतोय. ती तर औंदा पौषात गेली. झोपेत गेली, सुखानं.

आता तुमच्यात बघा. एकेकाचं तोंड बघा. तुमच्यापैकी कुणाच्या घरात दौलूला कधी घासभर अन्न वाढलं व्हतं? एकाच्या तरी? बोला की. 

मग त्या खोलात त्याला 'ढकल' म्हणणारं कोण हाय?